तोल

पाय धडधाकट असले म्हणजे मनुष्य आपोआप उभा राहतो, असे सर्वांनाच वाटते. वस्तुतः उभे राहणे ही अखंड चालणारी कामगिरी आहे. निश्चल उभा दिसणारा मनुष्यही सूक्ष्मपणे हेलकावत असतो आणि पोटऱ्यामांड्यांचे स्नायू त्याला क्षणोक्षणी सावरून धरीत असतात. स्नायूंना वर्दी देणारे दूत तीन: डोळे, अंतर्कर्ण, आणि सांधे, स्नायू व तळपाय यांतील मज्जातंतू. हे तिघे इतक्या मुकाट्याने राबतात की त्यांची कोणाला आठवणही होत नाही.

सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना मात्र ती झाली. त्यांच्या उजव्या गुडघ्यातील कूर्चा झिजून गेली होती; हाडावर हाड घासे. अखेर शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या हाडाच्या टोकावर मिश्रधातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीनची गुळगुळीत चकती बसली. या शस्त्रक्रियेची वाट ज्यांनी पाडली, त्यांत १९६८ साली इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे काम करणारे फ्रँक गन्स्टन हे शल्यविशारद होते.

दुसऱ्याच दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या. काही आठवड्यांत दुखणे बरेच ओसरले. काम फत्ते झाले, असे घरच्यांनी मानले. पण आजी अंगणात उतरेनात. उंबरठ्यापाशी येत आणि थबकत. त्यांनी हाताने वाढवलेला मोगरा नातवाच्या हवाली झाला होता, आणि नातू दिवसाआड पाणी घालायला विसरे. "हा पाय कुणाचा तरी उसना आणल्यासारखा वाटतो रे," असे त्या म्हणत.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. दुखऱ्या पायावर भार टाकण्याचे वर्षानुवर्षे टाळल्याने मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सांध्याची स्थिती कळवणारी जाणीवही मंदावते. शस्त्रक्रियेने हाडांची टोके नवी होतात. ही जाणीव ज्याची त्याला जागवावी लागते.

त्यासाठी भौतिकोपचार करणारी एक तरुणी घरी येऊ लागली. तिने आजींना स्वयंपाकघरातील ओट्यापाशी उभे केले. आधी दोन्ही पायांवर सारखा भार. मग तो डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे. पुढे एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावून उभे राहणे. काही आठवड्यांनी एकाच पायावर, तीन अंक मोजेपर्यंत. ओटा धरलेल्या आजींची नखे पांढरी पडत. तरुणी कडक होती, आणि ते बरेच होते. कीव करणाऱ्याच्या हातून असले काम होत नाही.

बारा वर्षांच्या नातवाला हा सारा पोरखेळ वाटला. "यात काय मोठेसे?" असे म्हणून तो ऐटीत एका पायावर उभा राहिला.

"आता डोळे मीट," तरुणी म्हणाली.

डोळे मिटताच स्वारी डुलू लागली, हात वाऱ्यावर गेले आणि वर धरलेला पाय दाणकन जमिनीवर आला. तीन दूतांपैकी एकच रजेवर गेला होता! पाय जुळवून व डोळे मिटून उभ्या असलेल्या रोग्याचा तोल जातो का, हे पाहून मज्जातंतूंचा विकार ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोम्बेर्ग यांनी सांगितली; ती आजही वापरात आहे.

आजी खळखळून हसल्या. हसता हसता त्यांचा एक हात ओट्यावरून सुटला होता. तरुणीने ते पाहिले, पण ती बोलली नाही.

पुढे ओट्यावर दोन बोटे उरली, मग एक. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी आजी उंबरठ्यावर आल्या. एका हातात काठी होती, दुसऱ्यात पाण्याने भरलेला तांब्या. नातू दोन पावले मागे होता. हात पुढे करायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. आजींनी पायरीवर पाऊल ठेवले, क्षणभर थांबल्या आणि खाली उतरल्या. थोडे पाणी पायरीवर सांडले. बाकीचे मोगऱ्याला मिळाले.