कांठांचा संस्कार

दोन वस्तु जोडावयाच्या म्हणजे त्यांच्यामध्यें तिळभरही अंतर राहूं द्यावयाचें नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोठ्या दाबाच्या नळांचे सांधे करण्याचें काम पाहण्याचा योग ज्यांस आला असेल, त्यांस मात्र ती सोडावी लागते.

नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्रांत ६६० मेगावॉटचे संच आहेत. त्यांतील दाब हवेच्या नेहमींच्या दाबाच्या २२० पटींहून अधिक असतो. तेथें पाणी आणि वाफ हा भेदच मावळतो. अशा नळाचा सांधा फुटला तर जवळच्या मनुष्याची काय गत होईल, हें सांगावयास नको.

म्हणून वेल्डिंगच्या आधीं नळांचे कांठ तासावे लागतात. भिंत बेताच्या जाडीची असेल तर प्रत्येक कांठास सुमारें ३० ते ३७.५ अंशांचा उतार देतात. भिंत फार जाड असेल तर त्याच उतारानें खांच वाजवीपेक्षां रुंद होईल. म्हणून वरच्या भागांत तो अधिक उभा करतात. तळाशीं दीड-एक मिलिमीटरची कड न तासतां राखतात, नाहीं तर ती पातळ धार वितळून आंत गळावयाची. दोन टोकांमध्यें दोन-तीन मिलिमीटर फटही ठेवतात. ती नसेल तर रस तळापर्यंत पोंचत नाहीं. सांधा वरून भरलेला, पण आंत पोकळ राहतो. शेवटीं जोडारी गंज, तेल, ओल पुसून धातु लखलखीत करतो. ओलाव्यांतून सुटलेला हायड्रोजन पोलादांत शिरला, तर सांधा निवाल्यावर कित्येक तासांनीं देखील तडा जातो.

काम पुरें झालें कीं वेल्डरची वरची रेघ सर्वांस दिसते. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत तळची पोकळी उघडी पडते. पण नीट तासलेला कांठ त्यांतही दिसत नाहीं. तो रसाशीं एकजीव झालेला असतो.

आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत शिकवीत आहों. विद्यार्थी पदवीधर झाला कीं त्याचें श्रेय आम्हांस मिळतें. परंतु आम्हीं ओतलेलें कांहीं त्याच्या ठायीं टिकलें असेल, तर गांवच्या शाळेंत कोणीं तरी त्याचे कांठ आधीं घासून ठेवले होते म्हणूनच. त्या गुरुजींचें नांव कोणत्याही पदवीपत्रावर नसतें.