नकाशावरचं गाव

फौजेत बुक क्लब म्हटलं की आमच्या निवृत्त सीनियर मंडळींच्या भुवया वर जातात. पण सध्या मी आसाममध्ये आहे आणि आमच्या स्टेशनवर खरंच असा एक क्लब आहे. महिन्यातल्या एका शनिवारी मेसच्या मागच्या खोलीत आठ-दहा जण जमतो. काही अधिकारी, त्यांच्या मिसेस, एमआय रूमची डॉक्टर आणि शाळेतल्या एक तांगखुल नागा शिक्षिका. नियम दोनच. कादंबरी पुरस्कार मिळालेली हवी, नाहीतर भांडणं संपत नाहीत. आणि ती सगळ्यांना कळेल अशा भाषेत मिळायला हवी.

या वेळी तीन नावं पुढे आली. सीओ साहेबांच्या मॅडमनी गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ सुचवली. तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२२ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आहे. मी अर्थातच मराठीचा झेंडा घेऊन उभा राहिलो. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’, धरणग्रस्तांची कहाणी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार, इंग्रजीतही आलेली. तिसरं नाव शिक्षिका मॅडमनी जरा संकोचूनच घेतलं. बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची असमिया कादंबरी ‘इयारुइंगम’, साहित्य अकादमी १९६१.

“म्हणजे लोकांचं राज्य,” त्या म्हणाल्या. “आमच्या उखरुलकडची गोष्ट आहे.”

उखरुल ऐकून मी सरसावून बसलो. कॅप्टन असताना त्या डोंगरांत दोन वर्षं काढली होती. तिथल्या शांगशाकची लढाई मला पाठ. मार्च १९४४ मध्ये ५० पॅराशूट ब्रिगेडने कोहिमा-इंफाळकडे निघालेल्या जपान्यांना तिथे काही दिवस रोखून धरलं. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटणही त्यात होती. मी मोठ्या उत्साहाने टेबलावरच चढ, उतार, पाण्याची जागा दाखवायला लागलो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “सर, तेव्हा गावातली माणसं कुठे होती?”

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांत मी ते कुणाला विचारलंच नव्हतं. गावात जाऊन मी विचारायचो ते कोण आलं, कोण गेलं, रात्री कुत्री का भुंकली. एक आजी आमची गस्त दिसली की नातवाला हाताला धरून आत न्यायची. मला राग यायचा. आम्ही तर औषधं घेऊन जात होतो! तिने लहानपणी कुठकुठले गणवेश पाहिले असतील, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. अकादमीत आम्हाला जमीन वाचायला शिकवतात आणि ते लागतंच, त्यावर जवानांचे जीव अवलंबून असतात. पण माझं वाचन तिथेच थांबलं होतं.

मी माझा झेंडा खाली ठेवला आणि ‘इयारुइंगम’साठी हात वर केला.

लेखकाने स्वतः केलेल्या इंग्रजी अनुवादाची एकच प्रत हाती लागली, म्हणून ती आळीपाळीने मोठ्याने वाचली. भट्टाचार्य यांनी उखरुलच्या शाळेत शिकवलं होतं, ते पानोपानी जाणवतं. युद्ध संपलंय, सैन्यं निघून गेलीत आणि गाव मागे उरलंय. एका जपानी सैनिकापायी गावाने दूर लोटलेली शारेंगला आहे. बंदूक घ्यावी की नाही यावर भांडणारी तरुण पोरं आहेत. लढाईच्या माझ्या टिपणांत यातलं एकही माणूस नव्हतं.

माझी पाळी शारेंगलाच्या पानांवर आली. आवाज थोडा अडखळला. कुणी काही बोललं नाही, डॉक्टरने चहाचा कप पुढे सरकवला.

पुढच्या महिन्यासाठी ‘झाडाझडती’ ठरली आहे. शिक्षिका मॅडमनीच सुचवली. माझ्या आईचं माहेरगाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. तिथली माणसं कुठे गेली, असं त्यांनी विचारलं तर या वेळी मला सांगता येईल.