रॉक मशीन ते येडाई, व्हाया बार्शी

वीकेंड म्हटलं की आपली गाडी आपोआप एक्स्प्रेस-वेला लागते. लोणावळा, ट्रॅफिक, कणीस, परत ट्रॅफिक. या वेळी जरा उलट्या दिशेला घाला. पुण्याहून सोलापूर रस्ता, टेंभुर्णीला डावीकडे वळून कुर्डुवाडी, बार्शी आणि मग बालाघाटाच्या डोंगरात येरमाळा. पहाटे निघालात तर जेवायला तिथे. गाव धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातलं, सोलापूर-धुळे हायवेवरचं. हायवेवरून बीड, संभाजीनगरकडे जाताना ते कित्येकांनी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. उतरलेले कमी.

आता गाडीत काय लावायचं? माझा फंडा सरळ आहे : रॉक मशीन. देवीच्या डोंगरावर निघालोय आणि हार्ड रॉक? हो, मुद्दामच. अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यात या बँडची अख्खी करिअर ऐकून होते आणि येरमाळ्यात जे कानावर पडतं, त्याची तयारीही होते.

रॉक मशीन सुरू झाला मुंबईत, १९८४ मध्ये. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायला उदय बेनेगल. तेव्हाच्या कॉलेज फेस्टिव्हलचं गणित साधं होतं. डीप पर्पलचं गाणं हुबेहूब वाजवलं की पब्लिक खूश. स्वतःचं काढलं की पब्लिक चहाला. या पोरांनी स्वतःची गाणी लावून धरली. १९८८ मध्ये ‘रॉक एन रोल रेनेगेड’ आला, १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. कॅसेटचा जमाना, मोठे केस, मोठी गिटार. धोबी तलावचं उघड्यावरचं रंगभवन हा त्या काळातल्या मुंबईकर रॉकवाल्यांचा अड्डा. (ते रंगभवन पुढे आवाजाच्या नियमांत सापडून गप्प झालं. मुंबईत असंच होतं.)

खरं सांगू? हे पहिले दोन अल्बम मला आज थोडे भाड्याच्या कपड्यांसारखे वाटतात. मापात बसतात, पण आपले नसतात. बँडलाही बहुतेक तसंच वाटलं असावं. १९९३ मध्ये त्यांनी चांगलं चालणारं नाव सोडलं आणि ‘इंडस क्रीड’ झाले. लोक ओळखायला लागलेला ब्रँड असा कोणी टाकतं का? आपल्या ऑफिसातल्या मार्केटिंगवाल्याला विचारून बघा, फेफरं येईल. १९९५ च्या ‘इंडस क्रीड’ अल्बममध्ये भारतीय रंग आले आणि गाणी एकदम मोकळी झाली. टेंभुर्णीनंतर रस्ता रिकामा होतो, तेव्हा हाच लावा.

आणि मग १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल न्यूयॉर्कला गेला, तिथे जुना साथीदार गिटारिस्ट जयेश गांधी याच्याबरोबर ‘आम्स फॉर शांती’ काढला. इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला तो थेट २०१० मध्ये. बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया जुने, बाकी नवे. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. मधली तेरा वर्षं शांतता. ज्यांच्या घरी कपाटावर गिटार धूळ खात पडलीय, त्यांना ही तेरा वर्षं वेगळी समजावून सांगायला नकोत. आधी प्रॅक्टिस बुधवारवरून शनिवारवर जाते, मग ड्रमरचं प्रोजेक्ट ऑनसाइट जातं.

बार्शी सोडली की जमीन उंचसखल होत जाते आणि येरमाळ्याला येडेश्वरीचा डोंगर दिसतो. लोक प्रेमानं म्हणतात येडाई. कथा अशी, की वनवासात सीतेला शोधणाऱ्या रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली. रामानं ओळखलं आणि ‘वेडी’ म्हणाला, ते नाव चिकटलं. तुळजाभवानीची ही बहीण मानतात. देवीचं नावच वेडी! रॉकवाल्यांनी नाव ठेवण्यात एवढी हिंमत क्वचितच दाखवलीय.

इथले खरे बँडवाले म्हणजे आराधी. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, पेटता पोत. साथीला तुणतुणं, झांज आणि संबळ. संबळ म्हणजे दोन छोटे ड्रम एकत्र बांधलेले, काठ्यांनी वाजवायचे. त्याला ना ॲम्प्लिफायर ना माइक, तरी दहा फुटांवरून छातीत वाजतो. एक तुणतुणं सतत तोच सूर धरून बसतं, वर झांज कापत जाते, आणि गाणारी बाई आवाजाची अशी फेक करते की आपले हेडबँगर्स लाजतील. दिवसा शेतात राबलेली माणसं ही. रात्री गायला बसतात ते आईला शब्द दिलाय म्हणून. ‘आता कोण ऐकतं हे’ असं म्हणून बँड मोडायची सोयच नाही. ऐकणारी डोंगरावर बसलेली आहे. इंडस क्रीडनं हुकमी चालणारं नाव टाकून जे शोधलं, ते हेच, असं मला डोंगराच्या पायऱ्यांवर वाटलं. आपल्या मातीतला आवाज तर त्यांना सापडला. पण बँड बंद पडू न देणारा श्रोता कुठून आणणार?

इथेही सगळं गोड नाही. मोठाल्या स्पीकरच्या भिंती लागल्या की शेजारचा संबळ मुका होतो. म्हणून वेळ निवडून जा.

मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेची. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून उतरते, वाटेत चुन्याच्या रानात लोक चुनखडीचे पांढरे खडे वेचतात, त्यांचा ढीग होतो. मग पालखी आमराईत मुक्कामाला जाते. लाखांची गर्दी, चैत्राचं ऊन. टोपी आणि पाणी जवळ ठेवा, गाडी लांब लावा. गर्दी झेपत नसेल तर साधा दिवस गाठून पहाटे डोंगर चढा.

येताना जिल्ह्यातलाच कुंथलगिरीचा पेढा घ्या, खरपूस भाजलेल्या खव्याचा. रात्र आमराईत काढणार असाल तर पुढे घुसून मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका. मागे बसा. आराध्यांनी ‘उदो उदो’ म्हटलं की तुम्हीही म्हणा, कोरसला माणसं लागतातच.