पक्कं काहीच नाही

थोडं मोठं झालंय. सवडीने वाचा.

परवा रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर 'सप्टेंबर ५' हा सिनेमा पाहिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं, तेव्हा एबीसी या अमेरिकन चॅनेलच्या खेळ विभागातल्या माणसांनी ती बातमी कशी दाखवली, त्याची ही गोष्ट. कंट्रोल रूममधली माणसं नटांनी रंगवलीत. स्टुडिओत बसून बोलणारा निवेदक मात्र नट नाही. तो जुन्या चित्रणातला खराखुरा माणूस आहे, जिम मॅके.

(त्या प्रश्नाच्या राजकारणावर इथे भांडू नका. त्यासाठी बाकीचं फेसबुक मोकळं आहे. मला आज या एका माणसाबद्दल आणि आपल्या धंद्याबद्दल बोलायचंय.)

मॅके हे त्याचं खरं नाव नव्हे. जन्म १९२१ चा, नाव जेम्स मॅकमॅनस. दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. परत आल्यावर बाल्टिमोरच्या 'इव्हिनिंग सन' या सायंदैनिकात लागला आणि त्याला बीट मिळालं पोलिसांचं! म्हणजे आपल्यासारखंच. सकाळी ठाण्यात जायचं, रात्रीत काय काय झालं ते विचारायचं, अपघात, मारामाऱ्या, बेवारस मृतदेह. १९४७ मध्ये त्याच पेपरने टीव्ही स्टेशन काढलं आणि त्याला तिकडे पाठवलं. बाल्टिमोरच्या टीव्हीवर ऐकू आलेला पहिला आवाज त्याचाच, असं सांगतात. १९५० मध्ये तो न्यूयॉर्कला सीबीएसमध्ये गेला. तिथे त्याला गप्पागाण्यांचा एक कार्यक्रम दिला, त्याचं नाव ठेवलं 'द रिअल मॅके'. कार्यक्रमाच्या नावाला जुळावं म्हणून माणसाचं आडनाव बदललं. 'रिअल' म्हणजे 'खरा', आणि आडनाव खोटं. टीव्हीचा धंदा तेव्हापासूनच असा आहे.

१९६१ मध्ये एबीसीने 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' सुरू केला. कल्पना साधी होती. आपण जगात कुठे कुठे माणसं काय काय खेळतात ते दाखवू. पहिल्या भागात कॉलेजच्या पोरांच्या धावण्याच्या शर्यती होत्या. मग मेक्सिकोत अकापुल्कोच्या कड्यावरून समुद्रात उडी मारणारे लोक आले. बर्फावर स्केटिंग करत पिंपांवरून उडी मारणारे आले. पाण्यात तरंगत्या ओंडक्यावर उभं राहून एकमेकांना पाडणारे लाकूडतोडे आले. मोटारी मोटारींवर आदळायची स्पर्धा आली. जिम्नॅस्टिक्स, स्कीइंग, घोड्यांच्या शर्यती, गोल्फ, सगळंच. मॅकेने शंभरावर खेळांचं निवेदन केलं, चाळीसेक देश पालथे घातले, बारा ऑलिम्पिक केली.

तुम्ही म्हणाल, एका माणसाला शंभर खेळ कसे कळणार? नाही कळणार. मला वाटतं त्याची हातोटी वेगळी होती. तो खेळापेक्षा खेळणाऱ्याकडे बघायचा. हा कुठला, घरी कोण आहे, पोटापाण्याला काय करतो, या उडीसाठी किती वर्षं थांबला. हे कळलं की पिंपांवरची उडीसुद्धा माणूस श्वास रोखून बघतो. आमच्या भागात जत्रेतल्या कुस्तीला माइक धरणारे जुने लोक हेच करायचे. "अमुक वाडीचा पोरगा, बाप हमाल, आज दुसऱ्यांदा मैदानात" असं म्हटलं की तालीम माहीत नसलेल्या बाया-बापड्यासुद्धा पुढं सरकून बसायच्या. हे पोलीस बीटवरच शिकायला मिळतं. पंचनाम्यात 'एक इसम' असतो. त्या इसमाला नाव-गाव असतं हे बातमीदाराने शोधायचं असतं.

आता म्युनिक. ५ सप्टेंबर १९७२. मॅकेला त्या दिवशी सुट्टी होती. मुख्य निवेदक तो नव्हताच, ते काम ख्रिस शेंकेलकडे होतं. मॅके पोहायला निघालेला असताना निरोप आला. पहाटे आठ बंदूकधारी ऑलिम्पिक नगरीत शिरले, इस्रायलच्या दोघांना ठार केलं, नऊ जणांना ओलीस धरलं. खेळ विभागाचा प्रमुख रून आर्लेजने ठरवलं की खुर्चीत मॅकेच बसणार. कारण एकच, त्याने बातमीदारी केली होती. मॅकेने पोहायच्या चड्डीवरच पँट चढवली आणि येऊन बसला. पंधरा-सोळा तास तो बोलत होता. चड्डी बदलायची राहिली, हे रात्री खोलीवर गेल्यावर लक्षात आलं.

रात्री ओलिसांना हेलिकॉप्टरने फ्युर्स्टनफेल्डब्रुकच्या विमानतळावर नेलं. तिथे पोलिसांनी सोडवायचा प्रयत्न केला, गोळीबार झाला. मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की सगळे सुटले! वृत्तसंस्थेचा फ्लॅश गेला. जर्मन सरकारच्या प्रवक्त्याने टीव्हीवर येऊन मोहीम यशस्वी झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशीच्या काही पेपरांत तसे मथळे छापून आले. विचार करा. खुद्द सरकारचा प्रवक्ता सांगतोय, गोड बातमी आहे, सगळं जग ऐकायला बसलंय. आपल्यापैकी कोण थांबलं असतं?

नंतर मॅकेने जे सांगितलं त्याचं मराठी असं होईल : विमानतळावरून कळतंय की तिथे हलकल्लोळ माजलाय, अजून गोळीबार चालू आहे, हेलिकॉप्टर जळत असल्याची बातमी आहे, सगळा गोंधळ आहे. पक्कं काहीच नाही. ओलिसांचं काय झालं, आम्हाला ठाऊक नाही.

"आम्हाला ठाऊक नाही." जगातल्या सगळ्यात मोठ्या बातमीच्या मधोमध बसून कॅमेऱ्यात बघून हे म्हणायला छाती लागते.

म्युनिकच्या घड्याळात पहाटेचे तीन वाजून गेल्यावर पक्की बातमी आली. मॅके म्हणाला, माझे वडील म्हणायचे की आपल्या सगळ्यात मोठ्या आशा आणि सगळ्यात वाईट भीती सहसा खऱ्या होत नाहीत, आज रात्री सगळ्यात वाईट भीती खरी झाली. अकरा ओलीस होते. दोघे काल सकाळी त्यांच्या खोल्यांत मारले गेले, नऊ जण आज रात्री विमानतळावर. मग तीनच शब्द. "ते सगळे गेले."

यात एक गोष्ट आहे, ती मला सिनेमापेक्षा जास्त लागली. मेलेल्यांत डेव्हिड बर्गर नावाचा वेटलिफ्टर होता, वय २८. तो मूळचा अमेरिकेतला, ओहायो राज्यातल्या शेकर हाइट्सचा. मॅकेने नंतर सांगितलं होतं की त्या रात्रभर त्याच्या डोक्यात बर्गरचे आईवडील होते. ते घरी टीव्हीसमोर बसले असणार. आपला मुलगा जिवंत आहे की गेला, हे त्यांना आपल्याच तोंडून कळणार. कोट्यवधी लोक बघत होते, आणि हा माणूस बोलताना दोघांचा विचार करत होता.

आता माझं सांगतो. आजवर लिहिलं नव्हतं.

२०१४ चा मे महिना, लगीनसराई. तेव्हा मी एका चॅनेलला स्ट्रिंगर होतो, नाव घेत नाही. बातमी लागली तर पैसे, न लागली तर पेट्रोल आपलं. रात्री साडेअकराला फोन आला की कॅनॉलच्या पुलाजवळ वऱ्हाडाचा टेम्पो उलटला. गाडी काढली, पोचलो. अंधार, रडारड, बॅटऱ्या. एक ओळखीचा हवालदार म्हणाला, "पाच गेले." गर्दीतल्या एकाने नावं सांगितली, मी टॉर्च तोंडात धरून लिहून घेतली. डेस्कवरून सारखे फोन, "आकडा दे, नावं दे, दुसरे पुढं चाललेत." मी दिली. दहा मिनिटांत पट्टी फिरायला लागली, नावांसकट.

गेले होते चार. पाचवा सतरा वर्षांचा पोरगा, बेशुद्ध. त्याला माझ्या आधीच कुणीतरी जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याचा मामा पुण्यात. त्याने टीव्हीवर नाव बघितलं आणि गावी फोन लावला. फोन आईने उचलला. पुढचं मी सांगायला नको. सकाळी पोरगा शुद्धीवर आला, तोवर घरासमोर गाव जमा झालं होतं.

चॅनेलने पट्टीतून नाव काढलं. चूक झाली, माफ करा, असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

चार दिवसांनी पोराचा बाप मला शोधत एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर आला. मला वाटलं आता मारणार. तो शेजारी बसला. म्हणाला, "सायेब, तुमी एक फोन लावायला पायजे हुता. दवाखान्यात कुनी बी सांगितलं असतं." एवढंच. चहाचे पैसेपण त्यानेच दिले.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय. 'दोन सूत्रांकडून खात्री करा' हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. हवालदार एक आणि गर्दीतला माणूस दुसरा, अशी दोन सूत्रं मी त्या रात्री मनातल्या मनात मोजली होती. दोघांनाही स्वतःला माहीत नव्हतं. आणि मला "ठाऊक नाही" म्हणायची हिंमत नव्हती, कारण तसं म्हणणाऱ्या स्ट्रिंगरला दुसऱ्यांदा फोन येत नाही.

हे फक्त तालुक्याचं दुखणं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र जिवंत असताना मोठमोठ्या चॅनेलांनी त्यांना श्रद्धांजली वाहून टाकली. ते हयात आहेत, हे घरच्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. दोनेक आठवड्यांनी ते खरंच गेले. मधल्या दिवसांत त्या घरावर काय गेलं असेल?

म्युनिकची आणखी एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. पोलीस इमारतीच्या छतावर चढत होते ते टीव्हीवर थेट दिसत होतं, आणि आतल्या बंदूकधाऱ्यांच्या खोलीतही टीव्ही होता. पोलिसांना माघार घ्यावी लागली. छत्तीस वर्षांनी, २६/११ ला मुंबईत आपण पुन्हा तेच केलं. कमांडो कुठून उतरतायत ते सगळ्या देशाला दाखवलं, सीमेपलीकडे बसलेल्यांनाही. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चॅनेलांना त्यावरून खडसावलं. २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाईचं थेट चित्रण दाखवायचं नाही असा केबल टीव्हीचा नियम झाला. मॅके २००८ च्या जूनमध्ये वारला, मुंबईचा हल्ला त्याने बघितला नाही.

पण नियम चॅनेलला. आता चॅनेल कुणाच्या खिशात नाही? आमच्या तालुक्यात व्हॉट्सॲपचे बातम्यांचे निदान पंधरा ग्रुप आहेत. मागच्या महिन्यात बंधाऱ्यात एक पोरगा बुडाला. पाणबुडे उतरायच्या आधीच ग्रुपवर नाव, फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मला फोनवर फोन, "भाऊ, टाका की, सगळ्यांनी टाकलंय." मी थांबलो. ठाणे अंमलदाराला विचारलं, मृतदेह मिळाला का, घरच्यांना कळवलं का. पन्नास मिनिटांनी मी बातमी दिली, तेव्हा ती शिळी झाली होती. दोन-चार जणांनी तोंडावर सांगितलं की भाऊंचा स्पीड कमी झालाय, वय झालं.

ग्रुपवरची बातमी खरीच निघाली. पोरगा गेलाच होता. म्हणजे ग्रुपवाले जिंकले म्हणायचे. फक्त एवढंच, की पोराचा बाप कामावरून एसटीने परत येत होता आणि त्याला ते कुणाच्या तरी स्टेटसवर दिसलं. कंडक्टरने गाडी थांबवून त्याला खाली बसवून पाणी पाजलं.

बातमी खरी होती. तरीही ती त्या माणसाला तशी मिळायला नको होती.

म्हणून आमच्या भागातल्या पोरांना, ग्रुप ॲडमिन मंडळींना आणि नव्या यूट्यूब चॅनेलवाल्या मित्रांना हात जोडून सांगणं आहे. कुणी गेल्याचं टाकण्याआधी दोन गोष्टी विचारा. सांगणाऱ्याने स्वतः बघितलंय का? घरच्यांना कळलंय का? दोन्हींची उत्तरं नसतील तर लिहा, 'पक्कं काहीच नाही.' एवढी बातमीसुद्धा चालते.

तो सतरा वर्षांचा पोरगा आता एकोणतीसचा आहे. बाजारात दिसतो, गॅरेज टाकलंय. मला ओळखत नाही. मी त्याला ओळखतो. गेल्या आठवड्यात मुद्दाम त्याच्याकडे गाडीचं ऑइल बदलायला गेलो होतो. सांगावंसं वाटलं, धीर झाला नाही. आज इथे लिहिलंय, त्याच्यापर्यंत पोचलं तर बरं.

माफ कर, पोरा. तुझ्या आईलाही सांग.