दुसरं कारण

मुंबईच्या स्टेशनांवर पूर्वी वजनाची यंत्रं उभी असत. काचेआड गरगर फिरणारं रंगीत चक्र, भोवती लुकलुकणारे दिवे. वर उभं राहायचं, चक्र थांबेपर्यंत वाट पाहायची, नाणं सोडायचं. खटकन पुठ्ठ्याचं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. बहुतेक माणसं आधी भविष्य वाचत. वजनाची तेव्हा काळजी नसे. असलीच तर ते भरत नाही याची. सुट्टीहून परतलेल्या पोराचे गाल वर आले की शेजारणी कौतुकाने 'तब्येत सुधारली हो' म्हणत. हॉस्टेलवरून आलेल्याला पाहून आईचा जीव तुटे, 'किती वाळलास रे!' आणि ताटात न मागता आणखी एक पोळी पडे.

त्या पोळीला इतिहास होता. १९७२च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने दुष्काळी कामांवर खडी फोडली, मिलो नावाची लाल ज्वारी दळून खाल्ली, पोरांच्या हातावर सुकडी ठेवली. ज्यांनी थंड चूल पाहिली त्यांच्या हातून वाटी अर्धी कशी भरली जाईल? 'एवढीशी घे, माझी शपथ' या आग्रहात जितकं प्रेम होतं तितकीच धास्ती होती. वजन उतरवायला निघालेल्या मराठी माणसाची पहिली गाठ पडते ती या धास्तीशी. जिलबीला एक वेळ नाही म्हणता येतं. वाढणारीचा चेहरा उतरलेला पाहवत नाही.

ती जुनी भूक अंगातही मुरली असावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, हातापायांनी किडकिडीत. चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. पुढे २००४मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबीचं प्रमाण मात्र युडकिनांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२. शर्टाच्या आत काय चाललं आहे ते काट्याला कळत नाही, याचा इतका प्रसन्न पुरावा दुसरा नसेल. म्हणून आपल्याकडचे डॉक्टर काट्याबरोबर टेपही काढतात. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची ९०च्या.

तो टेप माझ्याही कंबरेभोवती फिरला. डॉक्टरीणबाईंनी आकडा मोठ्याने वाचला नाही, नुसता लिहिला. मग रक्ताच्या रिपोर्टवर एका ओळीखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, 'ताई, आजपासून चालायला लागा.' मी त्या रेघेला घाबरले. साखरेने आईचे पाय, मग डोळे कसे एकेक करून मागितले ते मी जवळून पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी अंधारात बुटांच्या नाड्या बांधल्या त्या भीतीने बांधल्या.

सुरुवात करायला कुठलंही कारण चालतं. भाचीचं लग्न, अंगात न जाणारं ब्लाउज, बहिणीच्या मोबाइलवर अचानक समोर आलेला आपलाच पाठमोरा फोटो, एक जानेवारी. अशा कारणांची लाज वाटून घेऊ नये. फक्त ती कापराच्या जातीची आहेत हे ध्यानात ठेवावं. कापूर लगेच पेटतो, उजेडही झकास पडतो. त्यावर वरण शिजत नाही. लग्न पार पडतं. रिपोर्ट फाइलमध्ये जातो. भीतीचीदेखील सवय होते. मग एके दिवशी गजर बंद करून आपण कूस बदलतो आणि घरच्यांना सांगतो, 'पूर्वीची जिद्द राहिली नाही आता.'

जिद्द पुरवणारेही आहेतच. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायला सांगितलं, तेव्हा गावोगावची सभागृहं भरली. तिकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगत होत्या की घरचं खा, वेळेवर खा, तूप-भाताला भिऊ नका. आमच्या घरात काही काळ दोन्ही पक्ष नांदले. हे दीक्षितांचे, सासूबाई दिवेकरांच्या. सकाळी सासूबाई भिजवलेले बदाम सोलत बसायच्या आणि समोर लेक कोरडा.

'अरे, निदान चहा तरी घे.'

'नको आई, इन्सुलिन वाढतं.'

'वाढू दे. वाढलेलं कधी वाया गेलंय का माझ्या घरात?'

दोघांचंही वजन थोडं उतरलं. दोघांनी श्रेय आपापल्या गुरूला दिलं. आणि मग दोघांचाही काटा अडला.

काटा अडतो. हे कुणी आधी सांगत नाही आणि सांगितलं तरी ऐकू येत नाही. कमी येतंय असं दिसलं की शरीर खर्च आखडता घेतं आणि भुकेला हाका मारायला बसवतं. पिढ्यान् पिढ्या दुष्काळातून तगून आलेलं ते, त्याला भाचीच्या लग्नाची तारीख काय ठाऊक? १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना जवळपास अर्ध्या आहारावर सहा महिने ठेवलं. उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा कसं सावरायचं, ते समजून घेण्यासाठी. हे तरुण आपल्या मर्जीने आले होते, आणि युद्धावर जायला तत्त्वाने नकार देण्याइतके निश्चयी होते. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशाने उतरलं. पण त्यांच्यातले कित्येक पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, ताटल्या चाटू लागले, दिवसभर दुसरा विषय सुचेना. असल्या निश्चयाची ही गत, तर संध्याकाळी चिवड्याच्या डब्याकडे हात गेला म्हणून आपण स्वतःला किती बोल लावायचा? याच कीज यांनी पुढे बीएमआय हे नाव रूढ केलं, १९७२मध्ये. आपल्याकडे मिलो दळली जात होती त्याच साली.

तेव्हा ज्याचं कारण काट्यावर उभं आहे त्याचं कारण नेमकं याच दिवसांत ढासळतं. पहाटे उठतो आहोत, गोड सोडलं आहे, आणि आकडा तिथल्या तिथे. या व्यवहारात पैसे देऊन माल मिळत नाही असं वाटू लागतं. माणूस घरी बसतो तो आळसाने क्वचितच. बहुतेकदा तो फसवणूक झाल्याच्या रागाने बसतो.

२०२५मध्ये माउंजारो आणि वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शनं भारतात आली. माझी एक मैत्रीण डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यातलं एक घेते. समोर वडे तळले जात असताना आपण पावसावर, राजकारणावर, कशावरही बोलू शकतो, हे तिला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. मला ही बातमी मोलाची वाटते. औषधाने जी भूक गप्प होते ती स्वभावाचा दोष कशी असेल? पण वेगोव्हीतलं औषध, सेमाग्लुटाइड, थांबवलेल्या लोकांची पाहणी झाली तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आलेला दिसला. टिकवायचं कसं, हा प्रश्न सुईलाही चुकलेला नाही.

मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाते. शहराच्या मधोमध असूनही चढण संपली की शहराचा आवाज खाली राहतो. सुरुवातीचे महिने मला टेकडी दिसलीच नव्हती. सगळं लक्ष मनगटावरच्या पट्ट्याकडे. दहा हजार पावलं पुरी करायची असत. हा गोल आकडा १९६५मध्ये जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून जगभर गेला हे नंतर वाचलं, आणि विक्रेत्याच्या हुशारीला मनात दाद दिली. भीती ओसरत होती, काटा अडला होता, आणि तरी मी जात होते. का जात होते, ते माझं मलाच बराच काळ कळलं नाही.

फेब्रुवारीत निष्पर्ण गिरिपुष्पाला गुलाबी फुलोरा येतो आणि वाटेवर पाकळ्यांचा सडा पडतो. एप्रिलमध्ये करडं गवत पायाखाली चुरचुरतं, टिटवी उगाचच टाहो फोडते. जूनच्या पहिल्या सरीनंतर मोरांना कंठ फुटतो, जुन्या दगडखाणीत पाणी धरू लागतं, आणि ते काल कुठवर होतं यावर पैज लावणारी माणसं काठावर जमतात. श्रावणात गवत गुडघ्याला लागतं. पाऊस सरून हवा निवळली की लांबवर सिंहगड दिसतो. त्यावरचा मनोरा दिसला का, हा त्या दिवसांतला ठरलेला प्रश्न. खाणीत पाणी किती चढलं ते पाहायला म्हणून मी एकदा भर पावसात छत्री घेऊन गेले. घरून निघताना साखर, कंबर, रेघ यांतलं काहीही मनात नव्हतं. दुसरं कारण असं येतं. ते आल्याचं तेव्हा कळत नाही. पहिलं गेल्याचं मागाहून ध्यानात येतं.

शरीराचेही त्यात वाटे असतात. वेताळाच्या देवळाआधीच्या चढावर पूर्वी बोलणं बंद पडायचं. आता वाक्य अर्ध्यात तुटत नाही. रात्री पाठ टेकली की झोप लागते. जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागत नाही. या गोष्टी कुठल्याच काट्यावर चढत नाहीत आणि म्हणून कुठल्याच काट्यावर अडतही नाहीत.

आणि माणसं. टेकडीवरच्या ओळखींना आडनावं उशिरा मिळतात. रात्रपाळी संपवून थेट वर येणारी नर्स, गुडघ्यांची तक्रार करत सर्वांच्या पुढे चालणारे निवृत्त बँकवाले काका, अख्ख्या घराचा हिशेब चालता चालता मिटवणाऱ्या दोघी जावा. मी एक दिवस चुकले की दुसऱ्या दिवशी वळणावरच हाक येते, 'काल दिसला नाहीत ताई! बरं आहे ना?' जिद्दीवरच्या सगळ्या भाषणांपेक्षा हा प्रश्न मला जास्त चालवतो. खाडा पडला म्हणून कुणी ओशाळं करत नाही. 'हजेरीपटावरून नाव नाही काढलं अजून,' काका म्हणतात. लंडनमध्ये २०१०च्या सुमारास ९६ जणांवर झालेल्या अभ्यासातही असंच काहीसं आढळलं होतं. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८च, कुणाला २५४पर्यंत लागतील असा अंदाज निघाला; आणि मधला एखादा खाडा फारसं काही बिघडवत नव्हता.

आजीचे श्रावणी सोमवार मला आता कळतात. तिने त्यासाठी कधी मनाची तयारी केली नाही. दिवस ठरलेला, बेलाची पानं आदल्या रात्री निवडलेली, आणि सकाळी शेजारच्या काकूंची जिन्यातून हाक, 'येताय ना?' सोमवार आला की तो व्हायचा. संध्याकाळपर्यंत साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याचा लाडू. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते सोमवारीही खरं. त्या उपासांनी तिचं वजन छटाकभरही उतरलं नाही, पण उपास मात्र तिला जन्मभर सुटला नाही. सुटणार नाही अशी गोष्ट कशी बांधायची हे तिला येत होतं. ठरलेली वेळ, कुणाची तरी हाक, आणि करण्यातच थोडी गंमत.

यातही एक गोष्ट उघड बोलायला हवी. पहाटेचा तासभर स्वतःसाठी निघणं हीच कित्येक बायकांची खरी अडचण असते. नळाचं पाणी, डबे, कुणाची शाळा, कुणाची औषधं. माझ्या टेकडीत दोन डबे यांनी भरायला शिकण्याचा वाटा मोठा आहे. पहिले काही दिवस भाजीत मीठ नव्हतं आणि मुलगा निमूटपणे खात होता. ज्या घरात डबा दुसरं कुणी भरत नाही तिथल्या बाईला 'इच्छा असली की होतं' असं सांगणं हा आगाऊपणा आहे.

वजन किती उतरलं असं विचारतात. काही उतरलं, मग अडलं. टेप थोडा आत आला. पुढच्या रिपोर्टवर डॉक्टरीणबाईंनी रेघ ओढली नाही, याचा आनंद झाला, नाही कसा म्हणू? पण रेघ ओढली असती तरी दुसऱ्या दिवशी मी खाणीच्या काठावर असते. कुणाला माझ्यासारखी टेकडी मिळेल, कुणाला तलाव, कुणाला भांगडा, कुणाला परसातली कुदळ. निवडताना यात किती कॅलरी जळतात हे जरूर विचारावं. त्याआधी, वजन एक ग्रॅमही उतरणार नसेल तरी मी हे करेन का, हे विचारून पाहावं. उत्तर लगेच 'हो' येत नाही. ते यायला एखादा ऋतू जावा लागतो, आणि तेवढ्यापुरतं पहिल्या कारणाने रेटून न्यावं.

सासूबाईंशीही माझा तह झाला आहे. त्या अर्धी वाटी वाढतात, मी दुसऱ्यांदा मागून घेते. मागितल्याचं सुख त्यांना मिळतं आणि एकूण हिशेब पूर्वीपेक्षा कमीच भरतो. दिवाळीत चकल्या आम्ही दोघी मिळून करतो. भाऊबीजेला भावाकडे मी करंज्या खाईन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चढेन. पूर्वी यातली दुसरी गोष्ट पहिलीची शिक्षा असायची. आता दोन्ही मला आवडतात.