पंधरा फुटांचा शेजार

क्वार्टझसाइट हे काही मुद्दाम बघायला जावं असं गाव नाही. लॉस एंजेलिसकडून फीनिक्सला जाणारा इंटरस्टेट १० कोलोरॅडो नदी ओलांडून ॲरिझोनात शिरतो आणि वीसेक मैलांवर हे लागतं. थोडे पेट्रोलपंप, थोड्या खाणावळी, जुन्या सामानाची पालं, बाकी खडी आणि ऊन. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा इथले दोन-अडीच हजार रहिवासीसुद्धा दिवसा घराबाहेर तोंड काढत नाहीत. पण आपली दिवाळी उलटली की उत्तरेकडून बिऱ्हाडं यायला लागतात. मिनेसोटा, मोंटाना, ओरेगॉन, थेट कॅनडातलं सस्काचेवान. कोणाचा बससारखा लांबलचक मोटरहोम, कोणाची साधी व्हॅन, कोणी गाडीमागे खोली जोडून आणलेली. जानेवारीत तर माळावर नजर पोचेल तिथवर पांढरी छपरं दिसतात. या पाहुण्यांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. आपल्याकडे धनगरांचे वाडे पाऊस संपला की घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याला परत देशावर येतात, तशातलीच ही चाल. फरक इतकाच, की त्यांना मेंढरांसाठी चारा हवा असतो आणि यांना स्वतःच्या गुडघ्यांसाठी ऊन.

आमची उभी नोकरी मिनेसोटात बर्फ उपसण्यात गेली. निवृत्तीनंतर जुना मोटरहोम घेतला, तेव्हा पुण्याहून वन्संचा फोन आला. “अगं, म्हणजे या वयात माळावर राहणार तुम्ही दोघं?” मी म्हटलं, हो. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, “आणि संडासचं काय?”

प्रश्न रास्त होता. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा केंद्र सरकारचा माळ आहे, ११,४०० एकरांचा. ‘ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ हे सरकारी जमिनी सांभाळणारं खातं. त्याने १९८३ मध्ये अशा जागा हिवाळी मुक्कामासाठी खुल्या केल्या. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिन्यांचा परवाना. आम्ही गेलो तेव्हा त्याला १८० डॉलर पडले. फीनिक्समध्ये तेवढ्यात बऱ्या हॉटेलातल्या दोन रात्री निघाल्या तर नशीब. त्या पैशांत वीज नाही, नळ नाही, आखलेली जागासुद्धा नाही. प्यायचं पाणी भरायला एक ठिकाण, कचरा टाकायला एक, आणि गाडीच्या पोटातली सांडपाण्याची टाकी रिकामी करायला एक. ते शेवटचं काम नवऱ्याकडे आहे. लांब रबरी हातमोजे घालून, तोंड फिरवून तो ते करतो, आणि रांगेतले बाकीचे नवरेही तसेच तोंड फिरवून उभे असतात. सगळ्या माळावर याहून समतेची जागा मला दिसली नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी तिथे उजवी ठरले. गाडीच्या टाकीतलं पाणी आठवडाभर पुरवायचं असतं. जन्मभर शॉवरखाली उभ्या राहिलेल्या माणसांना तेच जमत नाही, दोन-तीन दिवसांत टाकी खडखडीत. माझं बालपण माणदेशात टँकरची वाट बघण्यात गेलेलं. अर्धी बादली, एक तांब्या, झाली आंघोळ. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, त्याच पाण्याने पायरीवरची धूळ. शेजारच्या बाई हे सगळं लक्ष देऊन बघत होत्या. पुढच्या बाजारातून त्या स्वतःसाठी प्लास्टिकची बादली घेऊन आल्या.

शेजारचं म्हणजे किती शेजारचं, तर दोन बिऱ्हाडांत निदान १५ फूट अंतर हवं असा खात्याचाच नियम आहे. लोक ठेवतात त्याहून कितीतरी जास्त. नवीन गाडी येते, हळू फिरते, थांबते, पुन्हा दहा पावलं पुढे जाते. कुणाच्या खिडकीसमोर आपली खिडकी येऊ नये, कुणाच्या सौर पत्र्यांवर आपली सावली पडू नये. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणून सगळे पत्रे तिकडेच तोंड करून तिरपे लावलेले. रात्री १० नंतर जनरेटर बंद. दार लोटलेलं असेल तर कोणी ठोठावत नाही, दाराबाहेर खुर्चीत माणूस बसलेला दिसला तर खुशाल बोलावं. मी वाड्यात आणि पुढे चाळीत वाढले. शेजार म्हणजे विरजण मागायला केव्हाही आत शिरणं, हीच माझी समजूत. इथला शेजार आधी मला थंड वाटला. पण वाऱ्याने आमचा मांडव उडाला, तेव्हा हाक मारायच्या आत चौघेजण दोऱ्या आणि खुंट्या घेऊन हजर होते. मांडव बांधला, हात झटकले, आणि चहालाही न थांबता गेले. वाड्यात चहाला थांबले असते, आणि चूक कोणाची यावर संध्याकाळपर्यंत चर्चा झाली असती.

संध्याकाळी चार वाजता शेकोटी. आपली खुर्ची आणि आपला पेला आपण न्यायचा. पहिला प्रश्न ‘कुठून आलात’, दुसरा ‘इथून पुढे कुठे’. काय करत होतात, हे सहसा कोणी विचारत नाही. निवृत्त माणसाला हे किती सोयीचं असतं ते आपल्या लग्नसमारंभांत बसून कळायचं नाही. बोलणं बॅटऱ्यांचं, कुत्र्यांचं आणि दातांचं. अमेरिकेत दाताला हात लावायचा म्हणजे खिसा रिकामा. म्हणून निम्मा तळ युमावरून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोदोनेसला जातो. ते गावच दंतवैद्यांचं आहे. तिथून परतलेला माणूस शेकोटीपाशी नवी कवळी दाखवतो आणि सगळे कौतुकाने बघतात.

शेकोटीभोवतीचे सगळेच मात्र हौसेने आलेले नसतात. हे समजायला मला वेळ लागला, कारण उन्हात सगळे सारखेच दिसतात, त्याच टोप्या, त्याच घड्या घालायच्या खुर्च्या. आमच्या उजव्या हाताच्या व्हॅनमधल्या बाईंचं घर २००८च्या मंदीत गेलं. सत्तरीला आल्या आहेत. ऑक्टोबरात त्या आमच्याच मिनेसोटाच्या उत्तरेला, रेड नदीच्या खोऱ्यात, साखरेच्या बीटच्या हंगामाला जातात. बारा-बारा तासांची पाळी, रात्रीची थंडी हाडात जाणारी. त्या कमाईवर इथला हिवाळा निघतो. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईने अशा लोकांवर २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, त्यावरच्या सिनेमाला ऑस्करही मिळालं आणि त्याचं काही चित्रीकरण इथेच झालं. तेव्हापासून या जगण्याला एक झळाळी आली आहे. ती मला पटत नाही. माझं मिनेसोटातलं घर कुलूप लावून जागेवर आहे, म्हणून माझी भटकंती ही भटकंती. त्यांचं कुलूप व्हॅनच्या दाराला. दोघींना एकच ऊन लागतं हे खरं, पण रात्री खोकला झाला तर मला परतायला जागा आहे. हे त्यांनी मला कधी ऐकवलं नाही. शेजारपणातलं ते १५ फुटांचं अंतर त्या बोलण्यातही पाळतात.

गावात बघण्यासारखी एक जागा आहे, कबरस्तानातली. काळ्या-पांढऱ्या दगडांचा छोटा पिरॅमिड आणि टोकावर धातूचा उंट. खाली हाजी अली. अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर उस्मानी साम्राज्यातून हा उंटवाला आला. सैनिकांच्या तोंडी त्याचं झालं ‘हाय जॉली’. उंटांचा प्रयोग लवकरच बारगळला, पण हा माणूस इथेच राहिला आणि १९०२ मध्ये इथेच गेला. पिरॅमिड १९३५ मध्ये उभा राहिला. दूरदेशाहून येऊन या खडीवर तळ टाकणाऱ्यांत मी पहिली नाही, हे बघून मला बरं वाटलं.

संक्रांत आली ती ऐन गर्दीत. जानेवारीत इथे मोटरहोमचं मोठं प्रदर्शन भरतं, रत्न-दगडांचे बाजार लागतात. गूळ मी फीनिक्सच्या भारतीय दुकानातून आणला होता, तीळ गॅसच्या लहान शेगडीवर भाजले. वाळवंटाच्या कोरड्या हवेत पाक असा ताठला की लाडू वळेनात, शेवटी ताटात थापून वड्या पाडल्या. त्या कडकच झाल्या. मी खुर्च्याखुर्च्यांवरून वाटत फिरले आणि कारण सांगत गेले: सूर्य आता उत्तरेला निघाला. सस्काचेवानचे आजोबा, निवृत्त शेतकरी, वडी दाढेखाली धरून म्हणाले, “निघू दे, पण त्याला सांगा, घाई करू नकोस.” व्हॅनमधल्या बाईंनी दोन वड्या मागून घेतल्या. नव्या कवळीवाल्यांना मी आग्रह केला नाही.

कोणाला जायचं असेल तर माझा सल्ला असा, की जानेवारी टाळा. नोव्हेंबरात जा, नाहीतर प्रदर्शन उठल्यावर फेब्रुवारीत. रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा चांगली रजई घ्या. पाण्याचे जादा कॅन घ्या, आणि आखलेल्या जागेची सवय असेल तर ती घरी ठेवा. परवाना १५ एप्रिलला संपतो. त्याच्या आधीच पाराही तिशी ओलांडतो, त्यामुळे कोणाला हाकलावं लागत नाही.