छपरीतला मुक्काम

भंडाऱ्याहून कारध्याचा वैनगंगेवरचा पूल ओलांडायचा आणि कोक्याच्या जंगलातून करडी गाव गाठायचं. कोका अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं, पण जंगल आधीपासूनचं. दिवस मावळल्यावर त्यातून पायी जायला कुणीही धजावत नसे.

मग वाटसरू राहायचा कुठे? इंग्रजांनी नागपूर–रायपूर हमरस्त्यावर डाकबंगले बांधले, पुढे १८८०च्या दशकात रेल्वे आली. आतल्या गावांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तिथली धर्मशाळा म्हणजे मालगुजाराच्या (गावच्या जमीनदाराच्या) नाहीतर सधन शेतकऱ्याच्या घराची छपरी, म्हणजे पुढची उघडी पडवी.

करडीत असं एक जुनं घर बघितलं. मातीच्या भिंती हातभर जाड, वर सागाचे मयाल आणि हाताने थापलेली कवेलू. उतार इतका खाली आणलेला, की आत शिरताना मान लववावीच लागते. धानाच्या मुलखातला चार महिन्यांचा पाऊस भिंतीला लागू नये, म्हणून हा बेत. खांब जमिनीत न पुरता दगडी उथाळ्यांवर उभे, त्यामुळे ओल चढत नाही आणि वाळवीही सहजी लागत नाही. मला सगळ्यांत आवडली ती छपरीची जागा. आंगणाकडे पूर्ण उघडी, आणि माजघराचं दार मात्र एका टोकाला, आडोशाला. परका माणूस रात्रभर झोपला तरी घरच्या बायामाणसांना अवघडायला होत नाही. बांधणाऱ्याने पाहुण्याचा विचार घरच्यांइतकाच केला होता.

मालगुजारी १९५१ साली संपली आणि अशा घरांचा दिमाख उतरला. आता या छपरीत धानाची पोती, फवारणीचा पंप आणि मोटारसायकल असते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला पाहुणे आले की पोती सरकवून सतरंज्या टाकतात आणि दंडारीचं लोकनाट्य बघून आलेली मंडळी तिथेच आडवी होतात.

अशी घरं झपाट्याने पडताहेत. कवेलू फिरवायला माणूस मिळत नाही, स्लॅबचं घर सोयीचं वाटतं, आणि त्यात राहणाऱ्यांचा दोष नाही. पण भंडारा–गोंदियातल्या वाचकांना विनंती आहे: जुनं घर पाडायचंच असेल, तर आधी त्याची मापं घ्या, फोटो काढा आणि छपरीत कोण कोण उतरायचं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा.